डाव्या बाजूचे मागचे दार

जुनी मोटार माझ्या कारखान्यात आली की पहिल्या दिवशी मी तिच्यातले काहीही उसवत नाही. चारही दारे सताड उघडी ठेवतो, स्टूल ओढतो आणि बाहेरून आत पाहत बसतो. नव्या गिऱ्हाईकाला हा आळस वाटतो. त्याला आधीच्या मालकाने, मेकॅनिकने आणि पत्रा ठोकणाऱ्याने पुरेसे रखडवलेले असते. शेवटच्या कारागिराने तरी लगेच हात चालवावा अशी त्याची रास्त अपेक्षा असते. परंतु गाडीचा आतला भाग हा माणसांनी वापरलेला भाग असतो. इंजिन माणसाला पाहत नाही, पत्रा उन्हापावसाला पाहतो. सीट मात्र रोज माणसाला पाहते. ती उसवण्यापूर्वी तिचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे, एवढाच माझा हेतू.

मी रत्नागिरीत जुन्या मोटारींच्या सीटा, छताचे अस्तर आणि दारांचे पॅड नव्याने करून देण्याचे काम जन्मभर केले. शाळेत असताना आमच्या हस्तव्यवसायाच्या गुरुजींनी एक सवय लावली. कोणतीही वस्तू उकलताना तिच्या प्रत्येक तुकड्याला खडूने क्रमांक द्यायचा आणि ती ज्या क्रमाने उकलली त्याच्या उलट क्रमाने जोडायची. ती सवय पुढे माझे पोट भरत राहिली. पुढे काही वर्षे मी संध्याकाळी शिवणकामाचा वर्गही घेतला. त्यामुळे आणि प्रत्येक गोष्ट फळ्यासमोर उभे राहिल्यासारखी समजावून सांगण्याच्या खोडीमुळे लोक मला मास्तर म्हणू लागले.

वाचकांपैकी बहुतेकांनी सीट आतून पाहिलेली नसेल, म्हणून थोडे सांगतो. जुन्या अँबेसिडरच्या सीटमध्ये सर्वांत खाली लोखंडी चौकट आणि तिच्यावर स्प्रिंगा असतात. स्प्रिंगांवर गोणपाट, गोणपाटावर काथ्याची जाड गादी, तिच्यावर कापसाचा थर आणि सर्वांत वर रेक्झिन. काथ्या म्हणजे आपल्या नारळाच्या सोडणाचा, वरच्या जाड सालीच्या तंतूंचा. तो आमच्याकडे मुबलक, आणि नव्या स्पंजपेक्षा कितीतरी इमानी. स्पंज दाबला की परत फुगतो आणि झाले गेले विसरतो. काथ्या विसरत नाही. माणूस जिथे बसतो तिथे तो हळूहळू खोलगट होतो, एका कुशीवर रेलणाऱ्याच्या बाजूला झुकतो, आणि कोणीच बसत नाही तिथे पहिल्या दिवसासारखा उभा राहतो. जुने कव्हर आम्ही फाडत नाही. शिवण शिवण उसवून ते सपाट पसरतो आणि त्यावरूनच नवे कापतो. नवे काम मालकाच्या पसंतीस उतरेपर्यंत जुना एकही तुकडा टाकून द्यायचा नाही, हा माझ्या कारखान्याचा नियम. मालकाने तो आधी पाहिला पाहिजे. त्याच्या गाडीतून काय निघाले हे जाणण्याचा त्याला हक्क आहे.

सीट वाचण्याची ही विद्या मी थोडी मिरवतही असे. एकदा शहरातले एक वकील सपत्नीक गाडी दाखवायला आले. मी पुढची-मागची सीट पाहिली आणि फारसा विचार न करता म्हणालो, "साहेब, आपण मागे उजव्या कोपऱ्यात एकटेच बसता. बाईसाहेब पुढे ड्रायव्हरशेजारी."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बाई मात्र मोकळेपणाने हसल्या. "पंचवीस वर्षांत यांच्या अशिलांना जे कळलं नाही ते तुम्हाला सीटवरून कळलं? अहो, मागे बसलं की हे मला केस समजावून सांगतात. पुढे झोप तरी लागते."

त्या वेळी कोपऱ्यातल्या बाकावर चहा पीत कासमभाई बसले होते. ते इतके हसले की चहा त्यांच्या सदऱ्यावर सांडला. "मास्तर, तुमच्यापुढं माझी गाडी आनायला भीती वाटते," ते म्हणाले. "माझी सीट काय काय बोलेल!"

या लेखाचा विषय तेच कासमभाई आणि त्यांची गाडी आहे. बाकी गिऱ्हाईके पुष्कळ झाली. आंब्याच्या बागेत बंगला बांधून तिथे जुन्या मोटारी जमवणारा एक मुंबईकर होता. त्याने माझा सल्ला डावलून पांढरे चामडे लावून घेतले. श्रावणात त्या चामड्यावर हिरवी बुरशी धरली, तेव्हा त्याने मला फोन करून विचारले की हा रंग कायमचा ठेवता येईल का. अशा गमती सांगत बसलो तर अंक भरेल. पण वय झाल्यावर माणसाला जी गाडी पुन्हा पुन्हा आठवते ती गमतीची नसते.

कासमभाई भाट्याच्या खाडीपलीकडच्या एका गावचे. तरुणपणापासून बोटीवर खलाशी होते. आखातापासून आफ्रिकेपर्यंतची बंदरे त्यांनी पाहिली होती. नोकरी संपल्यावर त्यांनी एक जुनी अँबेसिडर घेतली, आणि ती गाडी गावाचीच झाली. कोणाला दवाखान्यात न्यायचे असो, कोणाला स्टेशनवर सोडायचे असो, कासमभाई निघत. त्या गाडीत एक रिवाज होता. डाव्या बाजूचे मागचे दार आतून उघडत नसे. आतला दांडा नुसता लोंबत असे. त्यामुळे मुक्कामी पोचले की कासमभाई आधी स्वतः उतरत, बॉनेटला वळसा घालून येत, बाहेरून दार उघडत आणि किंचित वाकून बाजूला उभे राहत. हा नाइलाज होता. पण ते तो इतक्या रुबाबात करत की गावात त्याला कासमभाईंची अदब म्हणू लागले. म्हाताऱ्या बायका या एका गोष्टीसाठी रिक्षा सोडून त्यांच्या गाडीची वाट पाहत. "माझ्या गाडीत बसलेल्या मानसानं दाराला हात लावायचा नाय," असे ते सर्वांना बजावत.

त्या दारालगतच्या जागेवर बहुतेक वेळा त्यांच्या पत्नी मैमूनाबी बसत. गाडी आतून संपूर्ण नवी करायला दिली तेव्हा रंग निवडायला त्या स्वतः आल्या होत्या. कासमभाईंना लाल रेक्झिन हवे होते.

"लाल नको," मैमूनाबी म्हणाल्या. "सर्कशीचा तंबू दिसेल."

"बोटीवरचा कप्तानाचा सोफा लाल होता."

"मग जाऊन बसा कप्तानाच्या मांडीवर. मास्तर, हा शेवाळी दाखवा."

शेवाळी ठरला. दोघे निघाले. मैमूनाबी आपल्या नेहमीच्या जागी बसल्या, कासमभाईंनी दार लावले आणि माझ्याशी बोलत उभे राहिले. थोड्या वेळाने आतून काचेवर टक् टक् असा आवाज आला. मैमूनाबी अंगठीने काच वाजवत होत्या.

"बघा," कासमभाई म्हणाले, "माझा भोंगा वाजला. उशीर झाला की वाजवते. उतरायचा असला तरी हाच, निघायचा असला तरी हाच."

त्या कामात मी चारही दारांचे पॅड उतरवले. दाराचा पॅड म्हणजे हार्डबोर्डाच्या फळीवर ताणून बसवलेले रेक्झिन. तो काढला की दाराच्या पोकळीतली यंत्रणा दिसते. डाव्या मागच्या दाराचा आतला दांडा आणि कडी यांना जोडणारी बारीक सळई मधोमध तुटलेली होती. काम किरकोळ होते. मी ती जोडून घेतली, तेल दिले आणि गाडी न्यायला आलेल्या कासमभाईंना दांडा ओढून दाखवला. दार खट् करून उघडले.

त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. एखाद्याने विचारल्याशिवाय घरातली भिंत पाडावी तसा तो झाला.

"आतून उघडतंय आता?"

"उघडते. इतकी वर्षे उगाच राहिले होते."

त्यांनी स्वतः दोनदा उघडून पाहिले. मग म्हणाले, "मास्तर, आता माझी वाट कोन बघनार?" आणि हसले. "एक करा. ह्या कोनाला सांगू नका. घरी तर नाय म्हंजे नायच."

मी समजावले की दार दोन्ही बाजूंनी उघडणे केव्हाही चांगले. त्यांनी मान डोलावली. पुढे कधीतरी सीटच्या कडेची एक उसवलेली पायपिंग शिवून घ्यायला ते आले, तेव्हा त्या दांड्यावर मला एक नवी गोष्ट दिसली. माझ्याकडूनच उरलेल्या शेवाळी रेक्झिनच्या तुकड्याची एक झापड त्यांनी दांड्यावर बसवली होती, खिशावर असते तशी. ती टिचबटणाने बंद होत होती आणि ती उघडल्याशिवाय दांड्याला हात लागत नव्हता. टाके माझे नव्हते. जाड मेणाच्या दोऱ्याचे, एकाआड एक उलटे घातलेले, शिडाच्या कापडावर खलाशी घालतात तसे टाके होते. काम सुबक होते, हे मी तेव्हाही मान्य केले.

"पोरं दांड्याशी खेळतात," ते म्हणाले. आम्हा दोघांनाही ते कारण खरे नाही हे ठाऊक होते.

त्यानंतरच्या एका पावसाळ्यात कासमभाई आणि मैमूनाबी देवरूखकडे दिलेल्या मुलीला भेटून परत येत होते. भर दुपार होती. वाटेतल्या एका ठेंगण्या फरशी पुलावर पाणी होते, चाकाच्या वाटीपर्यंत. असे पाणी आमच्याकडचा प्रत्येक ड्रायव्हर पार करतो. पुलाच्या मध्यावर इंजिन बंद पडले. पुढचे मी कासमभाईंच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते मी ऐकले तसेच सांगतो. पाणी चढते आहे हे त्यांनी पाहिले. मैमूनाबींना म्हणाले, "थांब, मी येतो." आणि आयुष्यभर केले तेच त्यांनी केले. आधी स्वतः उतरले, बॉनेटला हात धरून वळसा घालू लागले. ते डाव्या दिव्यापाशी पोचले तेव्हा वरून लोंढा आला. त्यांचे पाय सुटले. खाली काठावर बांबूचे बेट होते, त्यात ते अडकले. तिथून त्यांना गाडी पुलावरून सरकताना दिसली.

मैमूनाबी काचेतून त्यांच्याकडे पाहत होत्या. घाबरलेल्या नव्हत्या. अंगठीने काच वाजवत होत्या.

पाणी उतरल्यावर गाडी पुलाच्या खालच्या वळणावर झाडांच्या मुळांना टेकलेली सापडली. तिची चारही दारे बंद होती.

दिवाळी होऊन गेल्यावर एका ट्रकवरून ती माझ्याकडे आली. मधल्या काळात ती कासमभाईंच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. ट्रकबरोबर कासमभाई आले नाहीत. त्यांची मुलगी नसीम आली. ती देवरूखजवळच्या शाळेत शिकवते. मला ती लहानपणापासून मास्तरकाका म्हणते.

"मी भंगारात द्या म्हणत होते," ती म्हणाली. "ऐकत नाहीत. पहिल्यासारखी करा म्हणतात. चालवणार म्हणतात."

"त्यांची गाडी आहे, नसीम."

"काका, तुम्हाला एक सांगायचंय." तिने दाराकडे पाहिले, पण जवळ गेली नाही. "दांडा दुरुस्त झाला होता, हे अम्माला माहीत नव्हतं. आम्हा कोणालाच नव्हतं. अब्बांनी मला ते आता सांगितलं. जेवताना सांगितलं, नमाजवरून उठले की सांगतात, पाहुण्यांसमोर सांगतात. त्यांच्या डोक्यात एकच आहे. अम्माने दांड्याला हात लावला होता का? लावला असेल आणि पाण्याच्या जोराने दार उघडलं नसेल, तर ते पाण्याचं झालं. लावलाच नसेल, तर..." ती थांबली. "डॉक्टर म्हणाले, पोलीस म्हणाले, मी म्हणाले. कुणाचं पटत नाही. म्हणतात, मास्तर सांगतील. मास्तर सीट बघून माणूस सांगतात."

त्या वकिलाच्या सीटवरची माझी फुशारकी अशी परत आली.

"ते विचारतील तेव्हा लावला होता म्हणून सांगा," नसीम म्हणाली. "एवढंच माझं काम करा. बाकी गाडीचं काय करायचं ते करा."

मी तिला हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. आधी पाहू दे, इतकेच म्हणालो.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी उकलणे हे आमच्या धंद्यातले सर्वांत उदास काम. नदीचा गाळ पिठासारखा बारीक असतो. तो शिवणीच्या भोकाभोकांतून आत शिरतो आणि काथ्यात बसतो. कितीही धुतले तरी पुढच्या दमट दिवसात त्याचा वास पुन्हा येतो. अशा गाडीतला काथ्या, कापूस, गोणपाट यांपैकी काहीही वाचत नाही. मी नियमाप्रमाणे पहिला दिवस स्टुलावर बसून काढला. मग क्रमांक घालत एकेक भाग उतरवला. मागच्या सीटचे कव्हर काढले तेव्हा डाव्या कोपऱ्यातला खोलगटपणा शोधला. तो नव्हता. पाण्याने काथ्या सगळीकडे सारखाच फुगला होता. इतक्या वर्षांची मैमूनाबींची बसण्याची खूण पुसली गेली होती. काथ्या विसरत नाही, असे मी ज्यांना ज्यांना सांगितले त्यांची मी इथे माफी मागतो. पाण्यात तोही विसरतो.

डावे मागचे दार मी शेवटी घेतले. पॅडची फळी फुगून वेडीवाकडी झाली होती. काच खाली करायची मूठ गाळाने जागच्या जागी जाम झालेली होती. ती पुरात अडली की नंतर, हे सांगता येण्यासारखे नव्हते. माणसाच्या हाताचे ठसे पाण्यात टिकत नाहीत, तेव्हा तेही पाहण्यात अर्थ नव्हता. साक्ष देऊ शकेल अशी एकच वस्तू त्या दारावर होती.

झापड बंद होती.

टिचबटणाचे दोन भाग असतात, वरची टोपी आणि खालची खुंटी. पुरात ते उघडले असते आणि नंतर कोणी पुन्हा लावले असते, तर टोपी आणि खुंटी यांवर गंज वेगवेगळा धरला असता. इथे गंजाचा एकच सलग पापुद्रा टोपीवरून खुंटीवर उतरला होता. त्यावर वाळलेल्या गाळाची साय होती, तिलाही तडा नव्हता. पुराच्या आधीपासून ते बटण कोणी उघडले नव्हते.

मी ते तसेच ठेवले. पॅडही फळीसकट दारावरच राहू दिला आणि हात धुऊन बाहेर आलो.

खोटे सांगणे अवघड नव्हते. पक्कड लावली असती, बटण तोडले असते, झापड उघडी लोंबकळत ठेवली असती, तर काम झाले असते. मी तसे का केले नाही हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. सत्याविषयी मला फार मोठा आदर आहे असे नाही. गिऱ्हाईकाला बरे वाटावे म्हणून मीही पुष्कळ बोललो आहे. पण त्या माणसाने जगातल्या सगळ्यांची सांत्वने नाकारून एकाच कारणासाठी माझ्यावर भरवसा ठेवला होता: मी उकलेन आणि जे निघेल ते दाखवेन. ते मी दाखवले नाही, तर माझ्याजवळ त्याला देण्यासारखे दुसरे काय होते? शिवाय ती झापड त्यांनी स्वतः शिवली होती. गंज काय असतो हे समुद्रावर आयुष्य घालवलेल्या माणसाला कोणी शिकवावे?

कासमभाई आले. बाकावर न बसता थेट त्या दारासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. ते खूप बारीक झाले होते. त्यांनी झापडेला हात लावला नाही.

"मास्तर, बोला."

मी शिक्षकासारखाच बोललो. दुसरे मला येत नाही. पाण्याचा दाब बाहेरून असतो तेव्हा दार आतून रेटले तरी उघडत नाही, गाडी आतून भरल्यावरच ते सुटते, तोवर माणूस शुद्धीवर असेलच असे नाही. हे सगळे त्यांना क्रमाने सांगितले. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. "त्यांनी दांडा ओढला असता," मी शेवटी म्हणालो, "तरी दार उघडलेच असते असे कोणी म्हणू शकणार नाही."

"ता पान्याचा झाला," कासमभाई म्हणाले. "मी हाताचा इचारतंय."

मी बटणाकडे बोट केले. ते पुढे वाकले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते अगदी जवळून पाहिले. नखाने गाळाची साय खरवडली, गंजावरून अंगठा फिरवला. बाहेर रस्त्यावरून मासळीचा टेम्पो भोंगा वाजवत गेला.

"उघडा," ते म्हणाले.

"कासमभाई, पाहिलेत ना? पुरे."

"उघडा म्हनतंय ना."

मी पक्कडीने टोपी उचकटली. खाली दांडा होता. त्यावर गाळाचा पातळ थर बसला होता. तो मी फडक्याने पुसला तेव्हा आतला मुलामा चकचकीत निघाला, जसा मी बसवला होता तसा. कासमभाईंनी दोन बोटांनी दांडा ओढला.

खट् आवाज झाला आणि दार उघडले.

इतक्या पुरानंतर, इतका गाळ पोटात घेऊन, माझ्या हातची ती सळई चालत होती. त्यांनी दार लावले. पुन्हा ओढले. पुन्हा उघडले. किती वेळा केले ते मी मोजले नाही. मी त्यांना थांबवले नाही. शेवटी त्यांनी दार उघडेच ठेवले आणि माझ्याकडे पाहिले.

"तुमी काम चांगला केलाव, मास्तर," ते म्हणाले.

माझ्या कामाची पुष्कळांनी पुष्कळ तारीफ केली आहे. यापुढे ती कोणी करू नये असे मला त्या क्षणापासून वाटत आले आहे.

मग ते रडले. मी फडके पुढे केले, तेच गाळाचे; दुसरे जवळ नव्हते. त्यातच त्यांनी तोंड पुसले. "ती माझी वाट बघत होती," ते म्हणाले. "घाबरली नवती ती. तिला वाटला, हा येतोय. हा नेहमी येतो."

मी पक्कड उचलून जागेवर ठेवली.

नसीमला ते त्याच दिवशी कळले. तिने मला फोन केला. "एक वाक्य मागितलं होतं मी तुमच्याकडे," ती म्हणाली आणि फोन ठेवला. नंतर बाजारात एकदा समोर आली, तेव्हा ओळख न दाखवता पलीकडच्या दुकानात शिरली. तिचे चुकले असे मला वाटत नाही. माझे चुकले असेही मला सिद्ध करता येत नाही. धंद्यातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर असते असे मी माझ्या वर्गात शिकवत असे. ते वाक्य आता मी मागे घेतो.

गाडीचे काम मी पूर्ण केले. चौकट घासून रंगवली, स्प्रिंगा बदलल्या, नवा काथ्या भरला, छताला नवे अस्तर ताणले. अस्तर ताणणे हे सर्वांत कौशल्याचे काम. मधून सुरुवात करून चारी बाजूंना सारखा ताण देत जावे लागते, नाहीतर कोपऱ्यात सुरकुती राहते. मी सुरकुती राहू दिली नाही. रंगाबद्दल विचारले तेव्हा कासमभाई म्हणाले, "तिनं निवडलेला हाय तोच." जुनी झापड मी इतर तुकड्यांबरोबर त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उचलली, आपलेच टाके उलटसुलट करून पाहिले आणि खिशात टाकली. दांड्यावर काही लावू नका, त्याला अजून चकाकी आणा, एवढी एकच सूचना त्यांनी केली.

गाडी न्यायला ते आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. मी कारखाना बंद करत होतो. "चला, घरी सोडतो," ते म्हणाले. मी पुढचे दार उघडू लागलो.

"पुढं नाय. मागं बसा. डावीकडं."

मी बसलो. त्यांनी बाहेरून दार लावले नाही. मला लावायला सांगितले. मग स्टिअरिंगवर बसले आणि किल्ली फिरवण्याआधी म्हणाले, "उघडा."

मी गोंधळलो. "काय?"

"दार. आतून. उघडा."

मी दांडा ओढला. दार उघडले.

"लावा. आता परत उघडा. काचसुद्धा खाली करून बघा. बोटीवर पयल्या दिवशी असाच करायला लावतात. जीव वाचवायची होडी कुठं हाय, पट्टा कुठं हाय, हातानं दाखवायचा. तोंडानं नाय." त्यांचा आवाज शांत होता. "आता माझ्या गाडीत जो बसेल त्यानं ह्या आधी करायचा. म्हातारी असो, पोर असो. त्याशिवाय गाडी हालनार नाय."

गावात आता त्यांची अदब राहिलेली नाही असे मी ऐकतो. लोक म्हणतात, कासमभाईंचे डोके फिरले. आजारी माणसालाही दोनदा दार उघडायला लावतात. काहींनी रिक्षा धरली आहे.

आम्ही माझ्या घराशी पोचलो. त्यांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केले. मी नेहमीप्रमाणे बसून राहिलो. त्यांच्या गाडीत इतक्या वेळा बसलो होतो की अंगाला ती सवय लागलेली होती: आता ते उतरतील, बॉनेटला वळसा घालतील, दार उघडून किंचित वाकतील. ते उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर पाहत राहिले.

मग माझ्या लक्षात आले की ते समोर पाहत नव्हते. मी दांड्याकडे हात नेला, दार उघडले, आणि माझा पाय जमिनीला टेकेपर्यंत आरशातले त्यांचे डोळे माझ्या हातावरून हलले नाहीत.